डावीकडचा आवाज

४ ऑक्टोबर, शनिवार

यंत्र आलं. वाशीमकडच्या मालेगावच्या स्टँडवरून पेटी मांडीवर घेऊन जीपमध्ये बसलो, तर शेजारच्या बाईने विचारलं, आत देव आहे का. मी हो म्हटलं. समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

घरी येऊन उघडली. काळ्या ॲल्युमिनियमचा डबा, पोळपाटाएवढा, उचलला तर वाटतो त्याहून जड. समोर एकच गोल बटण, आवाज लहानमोठा करायचं, आणि हेडफोन लावायला दोन जागा. काँप्युटरमधलं गाणं आकड्यांच्या रूपात यात शिरतं, हा डबा त्याचा आवाज करतो आणि हेडफोनला ताकद देतो. बास नाही, ट्रेबल नाही, डावं-उजवं कमीजास्त करायचं बटणही नाही. पाहूनच जीव निवला. मी असली बटणं आयुष्यात फिरवलेली नाहीत. ताटात पडलेली भाजी न चाखताच वरून मीठ घेणारी माणसं असतात, तशीच ही बटणं फिरवणारी.

बनवणारा रतनसिंग. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा पोरगा, पुण्यात चांगल्या कंपनीत इंजिनिअर होता, ते सोडून या नादाला लागलाय. यंत्राचं नाव 'हेमला', वडलांचं नाव दिलंय. ज्या संकेतस्थळावर मी लिहितो तिथले लोक माझ्या गावावरून मला 'किन्हीराजाचा कान' म्हणतात. सोयाबीन-हरभरा पिकवणारा माणूस हेडफोनवर लिहितो याचं त्यांना आधी हसू यायचं. आता माझा, म्हणजे जगदेवचा लेख आल्याशिवाय कोणी काही घेत नाही. म्हणून त्याने पहिला नमुना माझ्याकडे पाठवला.

फोनवर म्हणाला, "काका, गोड बोलू नका. जे ऐकू येईन तेच लिहा. तुमी बरं म्हटलं तं पुढचे बनवतो, नाई तं मंग नोकरी पायतो."

लेख नोव्हेंबरच्या सुरुवातीला द्यायचा आहे. एका पोराचं पुढचं सगळं माझ्या दोन कानांवर आहे म्हटल्यावर छाती जरा फुगली, हे इथे लिहायला हरकत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

नवीन यंत्र मी आधी नुसतं चालू ठेवून तापू देतो. मग गाणं न लावता आवाज पूर्ण वाढवतो आणि ऐकत बसतो. हलक्या यंत्रात तिथेच सरसर ऐकू येते, सुपात दाणे फिरवल्यासारखी. 'हेमला'त काही नाही. मी दोनदा बघितलं, वीज गेली की काय.

बाजारातलं संगीत मी शेवटी लावतो, कारण त्या खोलीत कोण कुठे बसलं होतं ते मला ठाऊक नसतं. माझं स्वतःचं एक रेकॉर्डिंग आहे. आमच्याच ओसरीत गावच्या मंडळाचं भजन, दोन माइक लावून मी केलेलं. उजवीकडे खंजेरी, मध्ये गाणारे, डावीकडे लखमा टाळ घेऊन. भजन संपतं, कोणीतरी खाकरतं, आणि डावीकडे लांब, मधल्या दारातून माझी बायको हळूच विचारते, "चाय मांडू का?" कडीला हात लागतो, बांगड्या वाजतात. माइक चालू आहेत हे साधनाला कळलंच नव्हतं. हलक्या यंत्रावर ती ऐकूच येत नाही. बऱ्या यंत्रावर शब्द कळतात. उत्तम यंत्रावर बांगड्या कळतात. इतकी वर्षं प्रत्येक यंत्र मी याच प्रश्नावर तोलत आलोय आणि लेखात हे एकदाही लिहिलेलं नाही. लोकांना काय सांगायचं, बायको ऐकू आली म्हणून यंत्र चांगलं?

'हेमला'वर खंजेरी अशी आली की चामड्यावर बोट घासलेलं कळलं. गाणाऱ्यांचा श्वास कळला. पण लखमाचा टाळ भिंतीपलीकडे गेल्यासारखा. आणि साधना आलीच नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

मळणी. दिवसभर धुरळा. पुतण्या गणेश सोबत होता. संध्याकाळी तो रुसलेला दिसला. म्हणे, पोत्यांसाठी किती आवाज दिला, काकांनी वळूनही पाहिलं नाही. मी म्हटलं, मळणीयंत्राच्या आवाजात कोणाला ऐकू येतं? तो म्हणाला, यंत्र तेव्हा बंद होतं. गणेशचा आवाजच बारीक आहे, आईवर गेलाय.

जेवताना साधना हल्ली माझ्या उजव्या हाताला बसते. पूर्वी चुलीच्या बाजूला, डावीकडे बसायची. विचारलं तर म्हणाली, इकडे हवा येते. येत असेल.

यंत्र लावलं नाही. मळणीच्या दिवशी कान खरे नसतात, हा माझा नियम आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज नीट बसलो. 'हेमला'ची डावी बाजू दबलेली आहे यात आता शंका नाही. मी घाईने निकाल देणारा माणूस नाही. वायर बदलली. दुसरा हेडफोन लावला, मग तिसरा. काँप्युटर बदलून मोबाईलवरून गाणं दिलं. सगळीकडे तेच, लखमा भिंतीपलीकडे.

मग माझं जुनं यंत्र काढलं. त्याला बटणांची रांग आहे, पण मी ती बघतसुद्धा नाही, चालू करायचं आणि बसायचं. तोच हेडफोन, तीच वायर. आणि भजन कसं मधोमध, लखमा आपल्या जागेवर, साधना आपल्या दारात. खरं सांगायचं तर जुन्यावरही ती पूर्वीसारखी लखलखीत येत नाही, बांगड्या गेल्यात. यंत्र म्हातारं झालं. पण ती आहे. म्हणजे हेडफोन बरोबर, वायर बरोबर, रेकॉर्डिंग बरोबर. राहिलं काय? 'हेमला'.

कोर्टातसुद्धा यापेक्षा जास्त पुरावा मागत नाहीत. तरी मजा वाटली नाही. पोरगा चांगला आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

रतनसिंगला सांगितलं. तो म्हणाला, पाठवायच्या आधी दोन्ही बाजू मोजल्या होत्या, सारख्या होत्या. मी म्हटलं, बाबा रे, मोजमाप वेगळं आणि ऐकणं वेगळं. तो म्हणाला, दुसरा नग पाठवतो. राग आला नाही त्याला. आला असता तर मला बरं वाटलं असतं.

फोनचंही काहीतरी करायला हवं. डाव्या कानाला धरला की रेंज जाते, उजव्याला धरला की येते. आमच्या गावाला टॉवर आहे तो उजवीकडेच असावा.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

दुसरा नग आला. तोच दोष, तीच बाजू. म्हणजे चूक एका डब्यात नाही, आराखड्यातच आहे. हे तर आणखी वाईट.

साधनाची दिवाळीची झाडझूड चालू आहे. माझ्या सामानाला कोणी हात लावलेला मला खपत नाही, पण जुनं यंत्र तीच पुसते. हात हलका आहे तिचा. ती पुसून गेली की वस्तू जिथल्या तिथे असते.

मी म्हटलं, रतनसिंगच्या यंत्रात तू ऐकूच येत नाहीस. फडकं तसंच हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तं मंग खराबच असंन ते." आणि आत गेली. तिला अशा गोष्टींचं कधी वाईट वाटत नाही, आज वाटलेलं दिसलं.

२० ऑक्टोबर, सोमवार

पहाटे अभ्यंग. साधनाने तेल कोमट करून माझ्या डाव्या कानात घातलं, वर कापूस लावला, आणि डोक्यावर हात ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिली. मी म्हटलं, उजव्यात? म्हणाली, "त्यात बी टाकतो, थांबा." मग कोणीतरी दाराशी आलं आणि उजवा राहूनच गेला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

रतनसिंग आला. भाऊबीजेला तांड्यावर गेला होता, तिथून पुण्याला जाण्याआधी वाट वाकडी करून इथे उतरला. मी ओळखलंच नाही, मला वाटलं बँकेचा कोणी आहे. सडपातळ, शर्ट इस्त्रीचा, पिशवीत मोजायचा मीटर आणि आईने दिलेला फराळ. त्याच्या आईच्या, कमलीबाईंच्या हातच्या करंज्या चांगल्या होत्या.

तो माझ्या डावीकडच्या खुर्चीवर बसून बोलायला लागला. साधना म्हणाली, इकडे बसा भाऊ, इकडे हवा येते, आणि त्याची खुर्ची उचलून उजवीकडे ठेवली. या बाईला हवेचं वेड लागलंय.

मीटर लावला. दोन्ही बाजू सारख्या, केसाचाही फरक नाही. मी म्हटलं, मीटरने कधी भजन ऐकलंय का? माझ्या जुन्या यंत्रावर ऐक, मग याच्यावर ऐक. त्याने माझंच रेकॉर्डिंग दोन्हीवर ऐकलं. जुन्यावर ऐकताना कपाळाला आठी पडली. मग हेडफोन काढून तो जुन्या यंत्रासमोर उभा राहिला, वाकून त्याची बटणं बघत बसला. जुन्या वस्तूंचा आदर आहे पोराला. त्याने साधनाकडे पाहिलं. ती दारात उभी होती, तिने मान हलवली. बहुधा चहाचं विचारत असावा.

त्यानंतर वादच घातला नाही त्याने. विचारलं काय, तर, "काका, पेरणी तुमीच करता का? ट्रॅक्टरवर?" मी म्हटलं, कॉलेज सुटल्यापासून माझ्या वावरात दुसऱ्या कोणी पेरलेलं नाही. पेरणीचा तास बघायचा असेल तर हरभरा उगवल्यावर ये, ओळ दोरी लावल्यासारखी असते. तो म्हणाला, माझे बाबा बी तसेच.

जाताना म्हणाला, "जे ऐकू आलं ते लिहा काका. मी डाव्या-उजव्याचं बटण बसवून देतो, म्हणजे ज्याले पाह्यजे तो फिरवून घेईन."

म्हणजे मान्य केलं. मी जिंकलो. पण त्याचा चेहरा हरलेल्यासारखा नव्हता, माझ्याबद्दलच त्याला काहीतरी वाटत होतं, आणि ते मला आवडलं नाही. साधना त्याला रस्त्यापर्यंत पोचवायला गेली. दोघं बाभळीखाली बराच वेळ बोलत उभे होते. विचारलं तर म्हणाली, त्याच्या आईच्या करंज्यांचं विचारत होते.

२७ ऑक्टोबर, सोमवार

हरभरा पेरला. पाठ दुखते. पण तास सरळ पडले.

गणेश समोर बघून ट्रॅक्टर चालवतो आणि मागचं देवावर सोडतो, म्हणून त्याचे तास नागमोडी. मी उजव्या हाताने लिव्हर धरतो, मान उजवीकडे वळवून सतत मागे, पेरणी यंत्राच्या दात्यांवर नजर. समोर इंजिन ओरडत असतं, ओरडू दे. बियाणं पडतंय की नाही हे डोळ्याने बघावं लागतं. माझ्या बापाने मला असंच शिकवलं आणि मी बांधावरून बघितलं की समाधान वाटतं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

लेख लिहून झाला. सौम्य करायचा प्रयत्न केला, पण खोटं लिहिता येत नाही. एक वाक्य इथे उतरवतो, बरं जमलंय: 'ज्या यंत्राला ओसरीची एक बाजू ऐकू येत नाही, त्याने बाकी कितीही बारकावे दाखवले तरी ते अर्धंच घर दाखवतं.' वाचून साधनाला दाखवलं. तिने पूर्ण वाचलं. म्हणाली, हा गेला की त्या पोराचं कसं होईन? मी म्हटलं, नोकरी करेल, हुशार आहे.

"तुमी एकडाव अजून ऐका," ती म्हणाली. मी म्हटलं, ऐकतोच, पाठवण्याआधी शेवटचं ऐकायचं हा माझा नियमच आहे.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

हे आजच लिहायला हवं.

दुपारी जेवण करून बसायला गेलो तर माझ्या खुर्चीवर साधना, डोक्यावर हेडफोन. तिला असं मी कधी बघितलं नव्हतं. म्हणाली, मले बी पाहू द्या ते यंत्र, लेख जाऊन राह्यला तं. भजन शेवटपर्यंत ऐकलं तिने. मग हेडफोन काढला, अंबाड्यातून सोडवला, माझ्या हातात दिला आणि आत गेली.

मी डोळे मिटून ऐकतो. हेडफोन लावला, डोळे मिटले, भजन सुरू केलं, आणि दचकलो. लखमा उजवीकडे होता. टाळावर टाळ आदळल्यावर मागे जी थरथर राहते, तीसुद्धा होती. आणि खंजेरी डावीकडे गेली होती, गोणपाटाखाली ठेवल्यासारखी.

पहिला विचार काय आला ते लिहितो, लाज वाटली तरी. आनंद झाला. म्हटलं, पोराने वायरीच उलट्या जोडल्यात, आणखी एक चूक सापडली. टिपून ठेवायला पेन्सिल घेण्यासाठी वाकलो तेव्हा हेडफोनची वायर हाताला लागली. ती नेहमी डाव्या वाटीतून निघते. आज उजव्या खांद्यावरून लोंबत होती. हेडफोन उलटा होता.

मग सुलटा लावला. लखमा गेला, खंजेरी आली. उलटा लावला. लखमा आला, खंजेरी गेली. यंत्राची जी बाजू मी महिनाभर मेलेली म्हणत होतो, ती माझ्या उजव्या कानात भरून वाजत होती. आणि जी बाजू निर्दोष म्हणून लिहून ठेवली होती, ती डाव्या कानात शिरली की दबत होती. दोष ज्या बाजूला होता ती बाजू यंत्राला नव्हतीच. ती माझ्या डोक्याला होती.

उलटाच ठेवला. भजन संपलं. कोणीतरी खाकरलं. आणि साधना आली. "चाय मांडू का?" कडीला हात लागला, बांगड्या वाजल्या, एक नाही, चारही, आणि वाक्याच्या शेवटी ती किंचित हसते. हसते हे मला माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत एकाही यंत्रावर मला ते ऐकू आलं नव्हतं. 'हेमला' एवढं चांगलं आहे.

मी ते पुन्हापुन्हा लावलं. मग रडू आलं.

माझा डावा कान गेला आहे. लिहून बघितलं. भीती वाटते. कान सोडला तर माझ्यापाशी दुसरं काय आहे? या गावात तास सरळ काढणारे आणखीही आहेत.

साधनाने चहा आणून ठेवला, उजव्या हाताला.

१ नोव्हेंबर, शनिवार

झोप लागली नाही, पण एका गोष्टीवर अडून बसलो होतो. कान गेला असेल तर जुन्या यंत्रावर भजन मधोमध कसं येतं? म्हणजे कान ठीक आहे. बुडणारा माणूस धरतो तसं मी हे धरून ठेवलं होतं.

सकाळी जुनं यंत्र खिडकीशी आणून चष्मा लावून बघितलं. बटणांची रांग. बास मध्यावर, ट्रेबल मध्यावर. डाव्या-उजव्याचं बटण डावीकडे. थोडंथोडकं नाही, जवळजवळ शेवटापर्यंत. मी ते कधी फिरवलेलं नाही. देवाशपथ नाही.

साधना अंगणात वाल सोलत होती. यंत्र तसंच उचलून तिच्यासमोर नेलं आणि बोट ठेवलं. तिने शेंगा बाजूला केल्या.

"तुमी डाव्या वाटीवर हात दाबून बसत होता," ती म्हणाली. "मान वाकडी करून. मले पाहवत नव्हतं. मंग पोळ्याच्या झाडझुडीत थोडं फिरवलं. तुमचा हात खाली आला. मंग दिवाळीले थोडं. मंग दर सणाले थोडं थोडं."

मी विचारलं, कोणत्या बाजूला फिरवायचं हे तुला कसं कळलं. म्हणाली, मी वावरात गेलो की ती हेडफोन लावून बघायची. तिला सगळं डावीकडे ऐकू यायला लागलं की समजायचं, मला मधोमध येत असेल.

"मले सांगितलं काहून नाई?"

"सांगून काय केलं असतं? तुमी ऐकणंच सोडून देल्लं असतं."

खरं आहे. मी तेच केलं असतं. चिडून यंत्रं माळ्यावर टाकली असती आणि दोन वर्षं कोणाशी बोललो नसतो. मला या बाईचा राग येत होता आणि तिच्या पायाशी बसावंसंही वाटत होतं, तर मी तिथेच खाली बसलो आणि वाल सोलू लागलो. काल हेडफोन उलटा कसा लागला हेही विचारलं. म्हणाली, अंबाड्यात अडकला, चुकून दिला असंन. मान खाली घालून म्हणाली.

ती माझ्या उजव्या हाताला बसली होती. हवा अजिबात नव्हती.

३ नोव्हेंबर, सोमवार

वाशीमला जाऊन कान दाखवला. साधनाने आधीच नंबर लावून ठेवला होता, कधीपासून कोण जाणे. डॉक्टरने काचेच्या खोलीत बसवलं, कानात बारीक आवाज सोडले, ऐकू आला की बटण दाबायचं. उजव्या कानाला मी भराभर दाबत होतो. डाव्याला बराच वेळ काही आलं नाही, मला वाटलं मशीन बंद पडली. बाहेर बघितलं तर डॉक्टरचा हात चालू होता.

विचारलं, ट्रॅक्टर चालवता का. मी हो म्हटलं. मान कुठे असते? मी दाखवलं. दाखवतानाच कळलं. मान उजवीकडे, डोळे मागे, डावा कान सरळ इंजिनासमोर. बापाने शिकवलं तसं, सगळं आयुष्य. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं जपा, ट्रॅक्टरवर कानाला झाकण लावा. लोकांचे तास बघून हसणारा मी. सरळ तासांपायी कान दिला.

येताना बसमध्ये साधनाने खिडकीची जागा मला दिली आणि स्वतः उजवीकडे बसली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

रतनसिंगला फोन केला. उजव्या कानाला धरून. सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "मले त्याच दिवशी समजलं होतं काका. तुमच्या जुन्या मशीनचं बटण पायलं तवाच."

"मंग बोलला काहून नाई?"

"काकू म्हणाल्या, त्यायचं त्यायले समजू द्या."

"आन् लेख तसाच गेला असता तं?"

"तं गेला असता. माह्या बाबाचा बी कान असाच गेला, तवा आधी कोनी सांगितलं नव्हतं. सांगितलं तवा त्यायनं गाणं सोडलं."

मी फोन साधनाकडे दिला. दोघं पुन्हा करंज्यांबद्दल बोलले.

जुना लेख पुसला, ओसरीचं ते वाक्यसुद्धा. नवीन लिहिला, दुपारपर्यंत पाठवलाही. त्यात पहिल्यांदाच ओसरीतलं भजन आणि दारातली साधना आली. लिहिलं की डाव्या कानाने मला फार कमी ऐकू येतं. 'हेमला' मी हेडफोन एकदा सुलटा आणि एकदा उलटा लावून ऐकला. दोन्ही बाजू सारख्या आहेत, आणि माझ्या बायकोचं हसू मला पहिल्यांदा या यंत्राने ऐकवलं. मागच्या काही वर्षांत डाव्या-उजव्याबद्दल मी जे लिहिलं ते वाचकांनी सोडून द्यावं, हेही लिहिलं. यापुढे 'किन्हीराजाचा कान' कोणी म्हणेल की नाही माहीत नाही. कान एकच उरलाय, त्यामुळे चूक म्हणता येणार नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

हरभरा वर आला. बांधावरून पाहिलं, तास सरळ आहेत. गणेशला बोलावून म्हटलं, पुढच्या वर्षी तू पेर, वाकडे आले तरी चालतील, आणि कानाला झाकण लाव. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मला ताप आलाय.

रतनसिंगने पहिले नग करायला घेतले. दोन्ही नमुने मी परत पाठवले. ठेवून घ्या म्हणत होता, मी नाही म्हटलं.

जुन्या यंत्राचं ते बटण मी गुरुवारी मध्यावर आणून ठेवलं होतं. जे आहे ते तसंच ऐकायची सवय करावी, उगाच लाड नकोत, असं ठरवलं होतं. दोन दिवस तसंच ऐकलं. लखमा नाही, साधना नाही, अर्धी ओसरी रिकामी. तिसऱ्या दिवशी बसलोच नाही.

आज दुपारी वावरातून आलो, हातपाय धुतले. यंत्र स्वच्छ पुसलेलं होतं. आता कोणता सण? साधना पलीकडे सुपात तूर निवडत होती. बसलो, डोळे मिटले, भजन लावलं. मधोमध. लखमा आपल्या जागेवर. मी डोळे उघडून बटणाकडे पाहिलं नाही.

भजन संपलं. कोणीतरी खाकरलं. डावीकडून, पुसट, बांगड्या नसलेला तो प्रश्न आला.

"मांड," मी म्हटलं.

सूप खाली ठेवून साधना उठली.